चाळीस सेकंदांची कुस्ती

“मिस वेलणकर, ही बाई कोण आहे?”

टिळेकरांनी हे इतक्या हळू आवाजात विचारलं, की ते माझ्याशी बोलताहेत हेच मला आधी कळलं नाही. आमच्या समोरच्या मॉनिटरवर एक बाई आवळे किसत होती. शांतपणे, एकेक आवळा उचलून. मग तिने वर बघून सांगितलं की आवळे फार कोवळे नसावेत, आणि पुन्हा किसायला लागली.

त्या जागी कुस्ती दिसायला हवी होती.

“मोरावळा आहे,” मी म्हटलं.

“ते मला दिसतंय. कुस्ती कुठे आहे?”

कुस्ती कुठेच नव्हती. कुस्ती होऊन गेली होती.

ही अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमधली गोष्ट. सांगलीकडच्या शिरटेवाडीच्या यात्रेतलं कुस्तीचं मैदान आमचं टेलिव्हिजन केंद्र पहिल्यांदाच थेट दाखवत होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि केंद्रात इंजिनिअर होते. चार वर्षं स्टुडिओत काढली होती आणि ती चारही वर्षं ओबी व्हॅनवर जाण्यासाठी अर्ज करत होते. ओबी व्हॅन म्हणजे चाकांवरची कंट्रोल रूम. मैदानाच्या कडेला उभी करायची, कॅमेऱ्यांच्या तारा आत घ्यायच्या आणि चित्र मुंबईला पाठवायचं. दर वेळी माझ्या अर्जावर शेरा यायचा, ‘बाहेर सोयी नसतात.’ कसल्या, ते कोणी लिहायचं नाही. शेवटी शिरटेवाडीला निघण्याच्या आदल्या दिवशी टेपवरचा माणूस गोवराने आजारी पडला आणि मला गोवर होऊन गेलेला होता. अशी मी पहिल्यांदा व्हॅनमध्ये चढले.

टिळेकर आमचे निर्माते. क्रिकेट, हॉकी सगळं केलेला माणूस. त्यांनी वाटेत मला एवढंच सांगितलं, “तुम्ही टेप सांभाळा. बाकी काही झालं तरी मी बघतो.”

शेवटची कुस्ती पावणेपाचला लागायची होती. सर्जेराव खरमाटे विरुद्ध हणमंत शेंडगे. दोघेही पंचविशीच्या आतबाहेरचे, दोघेही तोलामोलाचे, अर्धा तास तरी निकाल लागणार नाही असं जो तो सांगत होता. पण भाषणं लांबली, सत्कार लांबले, आणि पाच वाजता मुंबईहून पाच मिनिटांच्या बातम्या लागायच्या. टिळेकरांनी यात्रा कमिटीच्या अध्यक्षांना हात जोडून सांगितलं, “पाच मिनिटं थांबा.” अध्यक्ष म्हणाले, “तुमच्या बातम्या थांबतात का? मग आमची कुस्ती का थांबंल?”

टिळेकर डगमगले नाहीत. बातम्या चालू असताना कुस्तीची सुरुवात टेपवर घ्यायची आणि बातम्या संपल्या की आधी ती टेप दाखवून मग थेट मैदानावर यायचं, असं ठरलं. अगदी साधं काम होतं, आणि ते माझं होतं.

त्या काळच्या मशीनवर टेप भरायची तर दोन बटणं एकदम दाबावी लागत. एक लाल, एक त्याच्या शेजारचं. शेजारचं एकटंच दाबलं तर टेपवर आधीचं जे काही असेल ते चालू व्हायचं; आमच्या टेपवर पाककृतींचा जुना कार्यक्रम होता. माझ्या डाव्या हातात चहाचा ग्लास होता. उजव्या हाताने मी शेजारचं बटण दाबलं, लाल दाबायला अंगठा सरकवला, आणि त्याच वेळी कॅमेऱ्याच्या मॉनिटरवर त्या दोघांनी सलामी दिली.

मी आयुष्यात कुस्ती बघितली नव्हती. बाईमाणसाला कुठे बघायला मिळायची? हाताला हात लागला, माना एकमेकांना भिडल्या, आणि माझा अंगठा कुठल्या कुठे राहिला. शेंडगेने एकदा खरमाटेचा अंदाज घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि तिसऱ्यांदा त्याची मान काखेत धरून कमरेवरून असा काही भिरकावला की माझ्या तोंडून “अगं बाई!” असं मोठ्याने निघालं. लाल मातीचा ढग उठला. खरमाटे पाठीवर होता. सगळं मिळून चाळीस सेकंद.

आणि ते चाळीस सेकंद जगात कुठेही शिल्लक नव्हते.

“तीन मिनिटांत मुंबई आपल्याकडे येतेय,” टिळेकर म्हणाले. त्यांनी फोन उचलला आणि अत्यंत गोड आवाजात मुंबईला कळवलं की मैदानात थोडी गडबड आहे, दहा-पंधरा मिनिटं द्या. मुंबईने लोकगीतं लावतो म्हणून सांगितलं. फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला. मी वाट बघत होते. ते ओरडतील, मला खाली उतरवतील, निदान चहाबद्दल तरी काही बोलतील.

“पुन्हा करून घेऊ,” ते म्हणाले.

“काय?”

“कुस्ती. चाळीस सेकंदांचं तर काम आहे. तोच डाव, तसाच. शेंडगेला मी विचारतो. खरमाटेला तुम्ही विचारा.”

“मी?”

“चूक कोणाची आहे?”

मी व्हॅनमधून उतरले. आखाड्याच्या दोरीपाशी पोहोचते तोच एक जाडजूड म्हातारा आडवा आला. डोक्याला गुलाबी फेटा, कान चुरगळलेले. ते खरमाटेचे वस्ताद, मोरबाळे.

“बाई, हितनं फुडं न्हाई,” ते म्हणाले. “मातीला बाईमाणसाचा पाय लागत न्हाई.”

“मी मातीत येत नाही. मला फक्त खरमाटेंशी बोलायचंय.”

“त्यो आत्ताच पडलाय. त्याच्याशी आत्ता कुनीच बोलत नसतंय.”

“वस्ताद, माझ्या हातून चूक झाली आहे,” मी म्हटलं आणि मला रडूच आलं. ते बघून वस्ताद माझ्यापेक्षा जास्त घाबरले. “आगं, थांब, थांब की,” म्हणत त्यांनी लिंबाच्या झाडाखाली बसलेल्या खरमाटेला हाक मारली.

तो आला. उंचापुरा, अबोल वाटणारा. पाठीवरची माती त्याने झटकलीही नव्हती. मी त्याला सगळं सांगितलं. बटणं, चहा, आवळे, काही लपवलं नाही.

तो ऐकत होता. मग हळूच म्हणाला, “म्हंजे मी पडल्यालं टीव्हीवर दिसलंच न्हाई?”

“नाही.”

“कुनालाच?”

“इथल्या लोकांखेरीज कुणालाच नाही.”

आणि खरमाटे हसला. आधी नुसते दात दिसले, मग खांदे हलायला लागले, मग तो सरळ खाली बसला आणि मांडीवर थापा मारत हसत सुटला. “वस्ताद! ऐकलं का? आईनं बघितलंच न्हाई! देवानं राखलं बगा!”

मला काही कळेना. वस्तादांनी सांगितलं. याची आई इथून वीस मैलांवर त्यांच्या गावी सरपंचाच्या घरी टीव्हीपुढे बसली होती. एकटी नाही, अख्खी आळी घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा ती मुलाची कुस्ती बघणार होती.

म्हणजे मी त्याला काय विचारायला आले होते, ते माझं मलाच आता नीट समजलं. मी म्हटलं, “राहू दे. मी साहेबांना सांगते तुम्ही नाही म्हणालात.”

त्याने डोळे पुसले. “न्हाई दावलं तर तुमचं काय हुईल?”

“काही नाही. मला पुन्हा बाहेर पाठवणार नाहीत. स्टुडिओत बसवतील.”

“आनि दुसऱ्या बायकास्नी?”

हे मी बोलले नव्हते. चार वर्षं ज्या गोष्टीचा मी विचार करत होते, ती या गड्याने अर्ध्या मिनिटात ओळखली होती.

“चला,” तो उठला. “येकदा पडलो तसा आनि येकदा. त्यात काय कमी हुनार हाय?”

इकडे टिळेकरांना शेंडगेला समजवावंच लागलं नव्हतं. तीच कुस्ती दुसऱ्यांदा जिंकायची म्हटल्यावर तो खूश होता. ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आलं की टीव्हीसाठी कुस्तीचा डाव पुन्हा करून दाखवला जात आहे, निकाल तोच कायम. लोकांना काय, फुकट दुसरी कुस्ती. हलगी वाजायला लागली. मी व्हॅनमध्ये बसले, दोन्ही हात मोकळे, दोन्ही अंगठे दोन्ही बटणांवर. लाल दिवा लागला. टिळेकर म्हणाले, “टेप?”

“चालू,” मी म्हटलं. “खरंच चालू.”

सलामी झाली. शेंडगेने अंदाज घेतला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मान काखेत धरली, कमरेवर घेतलं, आणि खरमाटेचा पाय जरासा बाजूला झाला. एवढासा. शेंडगे आपल्याच जोरात गिरकी घेऊन गेला आणि धाडकन पाठीवर पडला.

मैदानात असा हलकल्लोळ उठला की व्हॅनच्या काचा थरथरल्या. पंचांनी सवयीने शिट्टी फुंकली आणि मग जीभ चावली.

“हे काय चाललंय?” टिळेकर ओरडले.

दोन मिनिटांत व्हॅनच्या दारात खरमाटे उभा होता. नुसता लंगोट आणि सगळं अंग लाल. टिळेकर “माती! माती! मशीनं आहेत!” म्हणून दोन्ही हात पसरून आडवे झाले.

“बाई, आईची आन, मी पडनारच हुतो,” तो टिळेकरांच्या हाताखालून मला सांगू लागला. “पर ह्यो आंगावर आला की पाय आपसूक हलतोय. मी न्हाई हलवत.”

“मग हलवू नका!” टिळेकर म्हणाले.

“व्हय साहेब. न्हाई हलवत.”

पुन्हा सलामी. पुन्हा मान, पुन्हा कंबर. या वेळी खरमाटेने दोन्ही पाय जमिनीत रोवल्यासारखे घट्ट धरले, डोळेसुद्धा मिटले. पण आता त्याची कंबर हलली. शेंडगे पुन्हा खाली. इकडे माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. एकाने टोपी उडवली ती थेट आमच्या एका कॅमेऱ्यावर बसली.

शेंडगे उठला. तो मात्र हसत नव्हता. मॉनिटरवर मी त्याचा चेहरा जवळून बघत होते. आम्ही याचं काय केलं होतं, ते त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. तो खरं जिंकला ते टीव्हीवर कोणी पाहिलं नाही, आणि आता दोनदा पडला ते टेपवर होतं.

तिसऱ्यांदा त्याने डावबिव केला नाही. तो सरळ भिडला. मग खरमाटेही भिडला. खोटी कुस्ती तिथेच संपली आणि खरी लागली.

आणि नेमका त्याच क्षणी मुंबईचा आवाज आला. “लोकगीतं संपली. येतोय तुमच्याकडे.”

“नको, थांबा,” टिळेकर म्हणेपर्यंत आमच्या डोक्यावरचा दिवा लागला. आम्ही थेट महाराष्ट्रभर दिसत होतो.

टिळेकरांनी मैदानावर माइक घेऊन बसलेल्या आमच्या समालोचकाला इअरफोनवरून सांगितलं, “बोला. अंतिम कुस्ती चालू आहे म्हणा.”

“साहेब,” मी म्हटलं, “ही ती नाही.”

“घरी बसलेल्यांना काय माहीत?”

चौदा मिनिटं ती कुस्ती चालली. त्यानंतरच्या नोकरीत मी शेकडो सामने पाहिले, पण त्या चौदा मिनिटांत मी श्वास घेतल्याचं आठवत नाही. दोघं एकमेकांत असे गुंतले की कुणाचा हात कुठला कळेना. अंगावरून पाणी आणि माती एकत्र वाहत होती. समालोचकाला ही नकली कुस्ती आहे याचा स्वतःलाच विसर पडला, तो खुर्चीवर उभा राहून ओरडत होता. शेवटी खरमाटेने शेंडगेला खाली घेतलं, त्याच्या भोवती फिरला आणि घिस्सा मारून त्याला उलटा केला. दोन्ही खांदे मातीला लागले.

“सर्जेराव खरमाटे विजयी!” समालोचक किंचाळला. “महाराष्ट्राच्या साक्षीने, सर्जेराव खरमाटे विजयी!”

टिळेकरांनी कपाळ टेबलावर टेकलं. पंच एकमेकांची तोंडं बघत होते, हात कुणीच वर करेना. मानाची गदा तर मघाशीच शेंडगेच्या वस्तादाकडे गेली होती. आणि समालोचक, त्याच भरात, माइक घेऊन धावत मातीत शिरला आणि त्याने तो खरमाटेच्या तोंडापुढे धरला.

“सर्जेराव, आज साऱ्या महाराष्ट्राने तुमचा विजय पाहिला. काय वाटतंय?”

खरमाटे धापा टाकत होता. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मॉनिटरवर तो थेट माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं, पण तो कुणाकडे बघत होता ते मला माहीत होतं.

“आये,” तो म्हणाला, “ही कुस्ती हणमानं मारलीया. मगाशी. चाळीस सेकंदांत मला चितपट केलं. आत्ताची नुसती दावायची हुती. गदा त्याची हाय.”

समालोचकाचा जबडा खाली आला. तरी त्याने विचारलंच, “पण… पण मग ती कुस्ती टीव्हीवर का नाही दिसली?”

सगळं मी त्याला स्वतःच सांगितलं होतं, आवळ्यांसकट.

खरमाटेने खांदे उडवले. “ते मला काय ठावं? मी पाठीवर हुतो. मला नुसतं आभाळ दिसत हुतं.”

मुंबईने लगेच ‘व्यत्यय’ची पाटी लावली.

संध्याकाळच्या उन्हात आम्ही तारा गुंडाळत होतो. टिळेकर व्हॅनच्या पायरीवर बसून अहवाल लिहीत होते. एव्हाना ते पूर्ववत झाले होते. “‘मशीनमध्ये तांत्रिक बिघाड’,” ते वाचून दाखवत म्हणाले. “बास. तुमचं नाव कुठेच येत नाही. मशीनला कोण काय विचारणार?”

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूपच बरं वाटलं.

मग शेंडगे आला. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर गदा. इतका दांडगा माणूस, पण तो पायाशी बघत बोलत होता.

“बाई, मला येक कागद पाहिजे.”

“कसला?”

“मी जिंकलो म्हनून. सर्जा बोलला ते खरं, पर लोक म्हनत्याल, त्याचं मोठं मन, म्हनून बोलला. सगळ्यांनी मला पडल्यालं बघितलंय. उद्या गावात काय तोंड दावू? कुनीतरी बाहिरच्यानं बघितलंय असं ल्हून द्या. तुमी बघितलं न्हवं?”

“पाहिलं,” मी म्हटलं. “सगळं पाहिलं.”

टिळेकरांनी मला बाजूला घेतलं. “लेखी काही द्यायचं नाही. दिलंत तर टेप का नाही ते लिहावं लागेल. नोकरीत पहिला नियम, लेखी काही नाही.”

त्यांचं बरोबर होतं. मी शेंडगेकडे पाहिलं. त्याच्या मागे, दूर, लिंबाखाली खरमाटे वस्तादांसमोर पालथा पडला होता आणि ते त्याची पाठ तेलाने चोळत होते. त्याचं पडणं टीव्हीवर कुणीही पाहिलं नव्हतं. त्याने नुसतं तोंड मिटून घेतलं असतं तरी चाललं असतं. ज्या एका बाईपुढे पडायची त्याला लाज वाटत होती, तिला त्याने स्वतः हाक मारून सांगितलं, आणि माझं नाव तेवढं गिळलं.

मी केंद्राच्या छापील कागदावर लिहायला घेतलं. ‘आज सायंकाळी शिरटेवाडी येथे पैलवान हणमंत शेंडगे यांनी पैलवान सर्जेराव खरमाटे यांना अंदाजे चाळीस सेकंदांत ढाक या डावावर चितपट केले. हे मी स्वतः पाहिले. या कुस्तीची टेप उपलब्ध नाही, कारण टेप भरताना माझ्याकडून लाल बटण दाबायचे राहिले. मशीन उत्तम चालू होते.’ डावाचं नाव शेंडगेने सांगितलं. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.

“मशीन उत्तम चालू होते हे लिहायची काय गरज होती?” टिळेकर कळवळून म्हणाले.

शेंडगेने कागद दोनदा वाचला, घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, आणि गदेसकट वाकून मला नमस्कार केला. मला वाटलं, हा आता तो कपाटात ठेवेल. त्याने तो सांगलीच्या एका साप्ताहिकात पहिल्या पानावर छापून आणला. माझ्या सहीसकट.

पुढच्या आठवड्यात केंद्राचे संचालक रणदिवे यांनी बोलावणं पाठवलं. टिळेकर आधीच तिथे बसले होते, छताकडे बघत. टेबलावर डाव्या बाजूला त्यांचा अहवाल होता, उजव्या बाजूला साप्ताहिक. रणदिव्यांनी दोन्ही कागद माझ्यापुढे सरकवले.

“हा म्हणतो मशीन बिघडलं. हा म्हणतो मशीन उत्तम होतं. दोन्ही आमच्याच केंद्राचे. दप्तरी एकच ठेवता येईल. दुसरा कोणता फाडू?”

टिळेकरांनी खोकल्यासारखं केलं. मी म्हटलं, “साहेबांचा.”

“तुमचा अहवाल फाडायला सांगताहेत,” रणदिवे टिळेकरांना म्हणाले.

“ऐकू आलं,” टिळेकर म्हणाले.

रणदिव्यांनी तो फाडला, तुकडे नीट जुळवून टोपलीत टाकले, आणि मला मेमो दिला. निष्काळजीपणाबद्दल, माझ्या नोकरीतला पहिला. मी तो घेतला आणि दारापर्यंत गेले.

“आणि हो, वेलणकर,” ते मागून म्हणाले, “पुढच्या रविवारी नाशिकला खो-खोची अंतिम लढत आहे. टेपवर तुमचं नाव घालतोय.”

मी वळले. टिळेकर खुर्चीत ताठ झाले होते. “सर, पुन्हा यांनाच?”

“मग कुणाला पाठवू?” रणदिवे म्हणाले. “बाकीच्यांची मशीनं फार बिघडतात.”